हाकणीचे दिवस

यंदा ज्वारी चांगली आली आहे आणि मला ती बघवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी शेजारचा भगवान बांधावर थांबला आणि कुजबुजत म्हणाला, "गुरुजी, औंदा जवारी लई झकास हाय बघा तुमची." मी नुसती मान हलवली. त्याला काय सांगायचं, की ज्वारी कमरेच्या वर गेली की हाकणीचे दिवस येतात, आणि हाकणीचे दिवस आले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आता भगवानही माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

हाकणी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. बाहेरचा म्हणजे जिथं मेलेलं माणूस मेलेलंच राहतं तिथला. असा मुलूख अजून कुठं उरला असेल तर त्यांचं नशीब. आमच्या बीड जिल्ह्यात चार वर्षांपूर्वी माणसं मरून परत उठायला लागली. टीव्हीवाले त्यांना झॉम्बी म्हणायचे. गावानं तो शब्द दोन दिवस वापरून बघितला आणि टाकून दिला. काल ज्याच्या तिरडीला हात लावला, त्याला आज असल्या नावानं कसं बोलवणार? आम्ही 'उठलेले' म्हणतो. उठलेला चावतो, चावलेलं माणूस मरतं आणि तेही उठतं. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान शाबूत असतात. आवाज होईल तिकडं चालत जायचं, एवढंच त्यांना कळतं. थंडीच्या सकाळी अंग आखडल्यागत चालतात, ऊन चढलं की जरा पाय उचलतात. उंच ज्वारीत शिरले की दिसत नाहीत आणि मग काढणीला गेलेली बाई परत येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ज्वारी डोक्याच्या वर जायच्या आत त्यांना शिवाराबाहेर काढायचं असतं. त्याला आम्ही हाकणी म्हणतो.

मारून का टाकलं नाही, असं विचाराल. पहिल्या वर्षी तेच ठरलं होतं. पंचवीस जण कुऱ्हाडी घेऊन निघाले आणि अर्ध्या तासात माना खाली घालून परत आले. उठलेल्यांत सगळ्यात पुढं चालत आला तो पिठाच्या गिरणीवाला, आणि त्याचा थोरला मुलगा कुऱ्हाडवाल्यांतच होता. मग सरकारचं परिपत्रक आलं. उठलेल्यांना हयात धरायचं का मयत, याचा निर्णय व्हायचा आहे, तोवर कुणी हात लावू नये. निर्णय अजून व्हायचाच आहे. गावाला ते बरंच झालं. मारण्याचं पाप नको आणि दारात ब्यादही नको, हे दोन्ही कसं साधायचं ते आम्हाला आज्या-पणज्यांनी शिकवून ठेवलं होतं. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवायचा, वाजत-गाजत शिवेवर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो त्यांच्या शिवेपलीकडं ढकलायचा, त्याच्या पुढच्यानं आणखी पुढं. गाडा शेवटी कुठं जातो हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

माणूस कशालाही सरावतो, असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्या कौतुकाची किळस येते. आमच्याकडं दोन जण सुखदुःखाचं बोलायला लागले तरी तिसऱ्याला भांडण लागल्यासारखं वाटायचं, असा हा मुलूख. हळू बोलणाऱ्याला लोक चोर समजायचे. तो सगळा मुलूख एका वर्षात कुजबुजायला शिकला. देवळातल्या घंटेला गोधडीचं फडकं गुंडाळलं. लग्नात भटजी नुसते ओठ हलवतात, लोक अंदाजानं अक्षता टाकतात. वडवणीच्या बाजारात पूर्वी फक्त बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, आता वांगी-टमाट्याचाही तसाच होतो. चौसाळ्याला हमरस्त्यावर गाड्यांचा आवाज थांबत नाही, म्हणून हॉटेलवाल्यांनी भट्ट्या स्लॅबवर चढवल्या. लोक शिडीनं वर जाऊन चहा पितात आणि खाली रस्त्याच्या कडेनं उठलेले हिंडत असतात. कुणी खाली बघत नाही.

पुढाऱ्यांचं तर काहीच अडलं नाही. भोंगे बंद झाले, बॅनर दुप्पट झाले. गिरणीवाल्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर लागला होता आणि गिरणीवाला स्वतः तासभर त्याच्याखाली उभा होता. वाऱ्यानं बॅनर फडफडत होता, त्या आवाजाला आला होता बिचारा. पोरांनी फोटो काढले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

पण लहान लेकरं बघितली की हसू येत नाही. तीन वर्षांची, चार वर्षांची लेकरं. पडली, गुडघा फुटला, तर तोंड मोठ्ठं उघडतात आणि आवाज काढत नाहीत. डोळ्यांतून पाणी येतं, छाती वर-खाली होते, बाकी सगळं गप्प. आया अभिमानानं सांगतात, "आमचं लई शानं हाय, रडतच न्हाई."

मी चाळीस वर्षं आरोळ्या मारून भाकरी खाल्लेला माणूस. हायस्कुलात खेळाचा मास्तर होतो. 'एक साथ सावधान' म्हटलं की रस्त्यानं जाणारी म्हातारीसुद्धा ताठ व्हायची, असं पोरं म्हणायची. आमच्या घराण्यातच तो गळा आहे. आणि माझ्यापेक्षा मोठा गळा होता माझ्या धाकट्या बहिणीचा, कमलचा.

कमल दिली होती ओढ्यापलीकडच्या गावात. त्या गावाला आम्ही नुसतं 'पल्याड' म्हणतो. माझं शेत ओढ्याच्या अल्याड, तिचं पल्याड, मध्ये पाण्याची बारीक धार. लेक जवळ द्यावी म्हणून आईनंच हट्ट धरला होता. लग्नानंतर तीस वर्षं, दुपार झाली की पल्याडच्या बांधावरून हाक यायची: "दादाऽऽ, जेवलास काऽऽ?" मी औताच्या मागं असायचो. सुटीच्या दिवशी शेतात असलो की हमखास. मी ओरडून म्हणायचो, "जेवलोऽऽ." कधी न जेवताच म्हणायचो, नाहीतर ती डोक्यावर भाकरी घेऊन ओढा ओलांडून यायला कमी करायची नाही. भावाच्या जेवणाची चौकशी अशी अख्ख्या शिवाराला ऐकवून करते म्हणून माझी बायको तिला चिडवायची. कमल म्हणायची, "मग कानात येऊन इचारू का वयनी? तुमचा नवरा हाय, चोर न्हाई."

उठलेले आले आणि ती हाक बंद झाली. मग ती बांधावर उभी राहून हात तोंडाशी न्यायची, घास घेतल्यागत, आणि मान तिरकी करून बघायची. मी हात हलवायचो. बरं चाललं होतं तेही.

हाकणी कशी करायची ते आम्हाला बिरूनानानं शिकवलं. बिरूनाना धनगर. साठी उलटलेला, अंगानं काटक. पूर्वी त्याची मेंढरं नुसती बांधाला लागली तरी आमचे लोक दगड घेऊन धावायचे. आता त्याला न्यायला जीप पाठवतात. त्यानंच पहिल्यांदा सांगितलं, की गुराढोरांच्या गळ्यातल्या सगळ्या घंट्या काढा आणि उठलेल्यांच्या गळ्यात बांधा. म्हणजे ते आले की कळतंय. पाला तोडायच्या लांब आकडीनं तो दुरूनच एकेकाच्या गळ्यात घंटी अडकवायचा. तेव्हापासून आमचे बैल मुके झाले आणि मेलेली माणसं वाजायला लागली. "मेंढरू मागच्याला भ्यातं म्हणून म्होरं जातं," तो म्हणायचा. "ह्यांना भ्याच न्हाई. ह्यांना म्होरून वढावं लागतं." त्यासाठी दुधाची शेळी घ्यायची. करडू घरात कोंडायचं आणि शेळी नेऊन शिवेपलीकडं बांधायची. करडासाठी ती अशी बोंबलते की उठलेले दुसरीकडं बघत नाहीत. बाकीच्यांनी तोंडाला फडकी बांधायची, दोन्हीकडं ओळ धरून उभं राहायचं आणि शिंकसुद्धा येऊ द्यायची नाही. पलीकडं गेले की शेळी सोडवून आणायची. झालं. पुढचं पुढच्या गावानं बघायचं.

यातली एक अट अशी, की पुढच्या गावाला सांगायचं नाही. सांगितलं तर तेही शिवेवर शेळी बांधतील आणि कळप परत आपल्यावर येईल. आमच्या निम्म्या लेकी पल्याड दिलेल्या. तरी कुणी सांगत नव्हतं. आमचे सरपंच, त्यांना सगळे तात्या म्हणतात, बैठकीत सगळ्यांकडं एकदा बघायचे आणि म्हणायचे, "ज्याला त्याला आपापलं माणूस हाय. पर पयलं गाव." प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कुणीतरी गुपचूप कळवील.

तिसऱ्या वर्षाच्या हाकणीला पल्याडची पाळी होती. माझ्या खिशात मोबाइल होता. दोन शब्द लिहून पाठवायला मला अक्षरं येत होती, इतरांपेक्षा जास्तच येत होती. मी असं ठरवलं, की आज वडवणीचा बाजार आहे, कमल बाजार चुकवत नाही, ती शेतात नसणार. असं मी ठरवलं. तिला विचारलं नाही.

ऊन चांगलं चढलं होतं. चाळीसेक उठलेले होते, चाळीस घंट्या. शेळी पल्याडच्या गायरानात बांधलेली, ती बोंबलत होती. आम्ही तीस जण ओळ धरून. पहिले आठ-दहा ओढा ओलांडून वर चढले आणि पल्याडच्या ज्वारीत शिरलेसुद्धा. बाकीचे पाण्यात उतरत होते. आणि शेळीनं दावं तोडलं. करडू आमच्या गावात कोंडलेलं, ती दुसरीकडं कुठं जाणार? ओरडत ओढ्यातून आली ती थेट आमच्या अंगावर. पाण्यातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. माझी जागा सगळ्यात जवळची होती. मी धावलो, शेळीला कवटाळलं, तिला दाबून खाली बसलो आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबून धरलं. माझी पाठ ओढ्याकडं होती.

तेव्हा पल्याडून हाक आली. "दादाऽऽ! मागं हायत रं, मागं बघ! पळ दादाऽऽ!"

कमल बाजाराला गेली नव्हती. ती ज्वारीच्या कडेला हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. घंट्या ऐकून उभी राहिली तर तिला एवढंच दिसलं, की भाऊ गुडघ्यावर पडलाय आणि उठलेले त्याच्याकडं चाललेत. दोन वर्षं दाबून ठेवलेला गळा तिनं एकदम सोडला. मी वळून बघितलं. पाण्यातले सगळे थांबले होते आणि एकेक जण तिच्याकडं तोंड फिरवत होता. शेळी आमची सुटली होती आणि तिच्या जागी माझी बहीण ओरडत होती.

मी एक आरोळी मारली असती तर ते परत फिरले असते. माझ्यावर, आमच्या ओळीवर, गावावर. पण ती वाचली असती. बांधावरून तात्यांनी तळहात दाखवला, बसून राहा. भगवाननं ओठांवर बोट ठेवलं. मी शेळीचं तोंड दाबून बसून राहिलो.

मी हलेना म्हणून ती आणखी पुढं आली, ओढ्याच्या कडेपर्यंत. "दादा, ऐकू येतंय काऽऽ? दादाऽऽ!" तिथून तिला आमची ओळ दिसली. तीस माणसं, तीस फडकी, सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती गप्प झाली. पण आधी वर गेलेले आठ-दहा तिच्या मागच्या ज्वारीत होते, आणि ते तोवर बाहेर आले होते.

नंतरचं मी सांगणार नाही. मी बघितलं ते.

गावाची हाकणी फत्ते झाली. त्या साली ज्वारी अशी पिकली की कणसं पेलवेनात. हुरड्याला तालुक्याचे पाहुणे आले. आणि महिन्याभरानं देवळात माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. तात्या कुजबुजत म्हणाले, "सख्खी बहीण म्होरं असून गुरुजींनी धीर सोडला न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात वर करून हलवले, आता तशीच पद्धत आहे. मी शाल घेतली. ती मी फेकून दिली नाही, कुणाच्या तोंडावर मारली नाही. ती अजून पेटीत आहे. थंडीत एकदा पांघरलीही आहे.

कमलच्या दहाव्याला पल्याड गेलो होतो. पिंड ठेवला. कावळ्याला हाका मारायची सोय नव्हती, सगळे नुसते आभाळाकडं बघत बसलेले. दूर झाडावर कावळे होते, ते येत नव्हते. दाजी, म्हणजे कमलचे मालक, हात जोडून एकेक वचन देत होते. म्हशी विकणार नाही. नातीला शिकवीन. तुझ्या भावाला अंतर देणार नाही. कावळा काही शिवला नाही. मला माहीत होतं तिला काय ऐकायचं असेल. मी मागच्या रांगेत बसून होतो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला उठले. ज्या बाईचं दहावं चाललं होतं ती तेव्हा दोन कोसांवर कुठल्यातरी बांधानं चालत होती.

दाजी साधा माणूस. दहाव्यानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, लोक म्हणत्यात, तिनं तुमाला लई हाका मारल्या. तुमी त्या अंगाला व्हता का? ऐकू आली व्हती का तुमाला?"

मी म्हणालो, "न्हाई दाजी. वारं उलटं होतं."

"मला वाटलंच," दाजी म्हणाले. "न्हाईतर तुमी गप बसणारं माणूस न्हाई." आणि माझा हात दोन्ही हातांत धरून रडले, आवाज न करता. आता सगळे रडतात तसे.

त्याच आठवड्यात बिरूनाना माझ्या दारात आला होता. "एखादी घंटी असंल तर द्या की, गुरुजी." कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या जुन्या राजा बैलाची घंटी खुंटीला होती, ती दिली. चिरलेली घंटी. लहानपणी कमलनंच विहिरीच्या कठड्यावर आपटून चिरली होती आणि नाव माझं सांगितलं होतं. बाबांचा मार मी खाल्ला होता. त्या घंटीचा आवाज घणघणत नाही, 'ठण' होतो आणि तिथंच संपतो. बिरूनाना घंटी घेऊन वाटेला लागला तेव्हा मला कळलं ती कुणाच्या गळ्यात जाणार आहे. मी मागं धावलो नाही.

पल्याडनं तो कळप पुढं ढकलला. त्यांच्या पुढच्यानं पुढं. गाव गाव करत वर्षभर हिंडून, ज्वारी कमरेला लागायच्या सुमाराला तो परत आमच्याच शिवारात येतो. मरीआईचा गाडा कुठं जातो ते मला आता कळलं आहे. यंदाच्या हाकणीआधीही एकदा पहाट फुटल्यावर अंगणात दात घासत होतो आणि लांबून घंट्या ऐकू आल्या. त्या सगळ्या घंट्यांत एक 'ठण'. बायको चुलीपुढं होती. तिनंही ऐकलं. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि आत निघून गेली.

आणि या मधल्या काळात दाजी दर पंधरा दिवसांनी घरी येत राहिले. कधी हरभऱ्याचे डहाळे, कधी ताकाची चरवी. ओसरीवर बसायचे. चहा झाला की तोच विषय. "वारं उलटं व्हतं, न्हाई का?" मी म्हणायचो, "व्हय दाजी." त्यांना शंका नव्हती, मला वाटतं ते ऐकल्यानं त्यांना बरं वाटायचं. मला त्यांच्या डहाळ्यातला एक दाणा गिळवत नव्हता. बायको एकदा म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. काय करतील, मारतील? मारू द्या." मी तिच्यावरच खेकसलो. खेकसलो म्हणजे कुजबुजलोच, पण रागानं.

यंदाची हाकणी गेल्या बुधवारी झाली. पुन्हा पल्याडचीच शिव. मी फडकं बांधून ओळीत उभा होतो. मागच्या वेळच्याच जागेवर तात्यांनी मला उभं केलं, मानाची जागा म्हणून. शेळी पलीकडं बोंबलत होती, दावं यंदा नायलॉनचं. वारं थोडं होतं, पल्याडून आमच्याकडं वाहणारं. कळप माझ्यापासून पंधरा-वीस हातांवरून गेला. कमलच्या अंगावर तेच हिरवं लुगडं, आता मातीच्या रंगाचं. ठण. ठण. तिनं बघितलं नाही. ती कुणाकडंच बघत नाही. पाण्यात उतरली.

तेवढ्यात पल्याडच्या ज्वारीच्या कडेला मला पांढरं मुंडासं दिसलं. दाजी. खाली बसून हरभऱ्याची भाजी खुडत होते, तिच्याच जागेवर. त्यांना जरा कमीच ऐकू येतं, घंट्या ऐकू गेल्या नसाव्यात. मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनीही मुंडासं बघितलं होतं. त्यांनी तळहात दाखवला.

मी फडकं खाली ओढलं. "दाजीऽऽ! उठा! उठलेले आलेत, पळाऽऽ!"

वर्षभरात मी इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. माझाच होता. ओळीतली माणसं अशी दचकली जशी मी बंदूक उडवली. मी आणखी ओरडलो, ते उठेपर्यंत ओरडलो. कळप पाण्यात फिरला. ओळ मोडली, लोक गावाकडं पळाले, पळता पळता भगवाननं मला जी शिवी दिली ती ओठांवरून मला नीट वाचता आली. मी राखणीच्या माळ्यावर चढलो आणि शिडी वर ओढून घेतली. वरूनही ओरडत राहिलो, म्हणजे ते दुसरीकडं जाऊ नयेत.

दाजी उभे राहिले होते. पळत नव्हते. मी मोकळा आहे, माळ्यावर आहे, हे त्यांनी बघितलं. पळणाऱ्या लोकांच्या तोंडाची फडकी बघितली. माझी हाक उलट्या वाऱ्यातूनही ओढा ओलांडून त्यांच्या बहिऱ्या कानांपर्यंत आली होती. मग वाकून त्यांनी भाजीची पाटी उचलली, मुंडाशाचा शेव तोंडावर ओढून घेतला आणि घराकडं चालायला लागले.

दिवस कलेपर्यंत मी माळ्यावर होतो. खाली माझी ज्वारी तुडवून चाळीस जण उभे, त्यांत ती. वर तोंड करून. मी खाली बघून म्हणालो, "जेवलो गं, कमे." खरं तर सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं हात वर केले, सगळ्यांनीच केले, आवाज झाला की करतात. मी ओक्साबोक्शी रडलो. आवाज करून रडायला किती बरं वाटतं हे मी विसरलो होतो.

संध्याकाळच्या आत बिरूनानानं दुसरी शेळी आणली आणि कळप उत्तरेच्या शिवेवर नेऊन सोडला. तिथंही कुणाची तरी बहीण असणारच. मला खाली उतरवून घेताना तो एवढंच म्हणाला, "आवाज हाय की अजून, गुरुजी." मग तात्या आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज कुजबुजीच्या वर गेला नाही.

"कावून वरडलात?"

"दाजी होते पल्याड."

"कमलबाई व्हती तवा न्हाई वरडलात ते." एवढं बोलून ते गेले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काहीही असो, हे ते खरं बोलले. गावानं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तसंही गाव फार बोलत नव्हतंच.

दाजी अजून आलेले नाहीत. डहाळे नाहीत, ताक नाही. काल दुपारी मी ओढ्यावर गेलो. कळप दोन गावं पुढं गेलेला, शिवारात एक घंटी वाजत नव्हती, तुडवून उरलेली ज्वारी जागच्या जागी उभी होती. पल्याडच्या बांधावर दाजी पाठमोरे बसून भाकरी खात होते. मी हाक मारली, "दाजीऽऽ, जेवताय काऽऽ?" त्यांचा हात घासासकट थांबला. मी आणखी दोनदा हाक मारली. मग त्यांनी तो घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. त्यांनी वळून बघितलं नाही. काल वारं अजिबात नव्हतं.